सोनवणे सिस्टर आणि कबुलीची अट

सोनवणे सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कॉटवर आडव्या होत्या आणि एक घाबरलेली मुलगी त्यांच्या अंगाखालची चादर बदलायच्या खटपटीत होती. मला वाटलं, बाई आजारी आहेत. मी दारातूनच परत फिरत होतो, तोच कॉटवरून आवाज आला.

"विमावाले का? बसा. पोरीची परीक्षा चालू हाय."

मी बसलो. मुलीनं सिस्टरांना एका कुशीवर वळवलं, चादरीची अर्धी गुंडाळी पाठीशी सरकवली आणि मग दुसऱ्या कुशीवर वळवताना त्यांचा हात अंगाखाली अडकवून ठेवला. सिस्टर तशाच पडून म्हणाल्या, "हात राहिला माझा. मी लकव्याची पेशंट हाय, मला बोलता येत नाय. आता?" मुलीनं गडबडीनं हात सोडवला. सिस्टर उठून बसल्या, पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, "चादर तर कुणीबी बदलतं. हात कुठं राहिला ते बघणारी पाहिजे." त्या मुलीला त्यांनी कामावर घेतलं, पण आधी महिनाभर दुसऱ्या नर्सच्या हाताखाली राहायचं, असं सांगून.

औरंगपुऱ्यात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा ब्युरो होता. गिरणी सुरू झाली की खोलीची फरशी थरथरायची आणि खिडकीच्या गजांवर पिठाची साय धरायची. 'नर्स, आया व वॉर्डबॉय मिळतील' एवढीच पाटी. सिस्टर सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नोकरीभर पांढरी साडी नेसली, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी पांढऱ्या रंगाशी नातंच तोडलं. पोपटी, राणी, हळदी असल्या साड्या नेसून त्या आयसीयूत जायच्या आणि डॉक्टर लोक आधी दचकायचे, मग ओळखून नमस्कार करायचे.

दाराशी स्टुलावर त्यांचे यजमान बसायचे. छावणीत मिलिटरीच्या ऑफिसात कारकून होते, तेही निवृत्त झालेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. टेलिफोन घेणं आणि ब्युरोची जुनी व्हॅन चालवणं ही दोन कामं त्यांची. फोन उचलून ते फक्त "ब्युरो" म्हणायचे आणि पलीकडच्यानं सगळं सांगून संपवेपर्यंत दुसरा शब्द काढायचे नाहीत. सिस्टर म्हणायच्या, "आमच्या घरात बोलणं एकानंच करायचं असं ठरलंय. मालकांनी तो मान मला दिला."

मी तेव्हा एका सरकारी विमा कंपनीच्या शाखेत डेव्हलपमेंट ऑफिसर होतो. दुकानं, गोदामं, ट्रक यांचे विमे उतरवायचे, हा माझा रोजचा धंदा. नर्स पुरवणाऱ्या ब्युरोचा विमा आमच्या शाखेत कुणी उतरवला नव्हता. शहर मात्र बदलत होतं. सिडकोतली, ज्योतीनगरातली मुलं पुण्याला, परदेशाला गेली होती आणि मागं राहिलेल्या आईवडिलांना उठवायला, बसवायला, इंजेक्शन द्यायला माणूस लागत होतं. खासगी दवाखानेही रोज नवे निघत होते. त्यांनाही सुट्टीवरच्या नर्सच्या जागी कुणीतरी हवी असायची. सिस्टर ती पाठवायच्या. कामावर गेलेल्या बाईच्या हातून पेशंटला काही झालं तर काय, आणि पेशंटच्या घरी बाईलाच काही झालं तर काय, या दोन प्रश्नांसाठी त्यांनी स्वतःहून आमच्या शाखेत निरोप पाठवला होता.

दुसऱ्या प्रश्नावर पहिल्याच दिवशी आमची अडचण झाली. मी म्हणालो, "नर्सचं करू. आयांचं अवघड आहे. त्या शिकलेल्या नाहीत, रोजावर येतात. कंपनी त्यांना तुमच्या नोकर धरणार नाही."

"पगार कोण देतं त्यांना?"

"तुम्ही."

"उशीर झाला तर रागावतं कोण?"

"तुम्हीच."

"मग माझ्या नोकर नायत तर कुणाच्या हायत, देशपांडे? तुमच्या?" त्यांनी बडीशेपेची डबी माझ्यापुढं सरकवली. "आणि ऐका. सुई डॉक्टर टोचतो, पण ती टोचली जाते आयाला. कचरा ती उचलते. विमा उतरवायचा तर खालून वर उतरवा. वरून खाली नको."

त्यांचं म्हणणं मी शाखेत जसंच्या तसं मांडलं. मॅनेजर कटकट करत का होईना तयार झाले. प्रत्येक आयाचं नाव पॉलिसीला जोडलं गेलं. ते कागद घेऊन मी गेलो तेव्हा सिस्टरांनी सगळ्या बायांना बोलावून घेतलं आणि मला वाचायला लावलं. दर कलमानंतर त्या थांबवायच्या आणि बायांकडं वळून आपल्या भाषेत सांगायच्या. एका अटीवर मात्र त्यांनी मला दोनदा वाचायला सांगितलं. ती अट अशी की, पेशंटचं काही नुकसान झालं तर कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय ब्युरोनं कुणापाशी चुकीची कबुली द्यायची नाही, भरपाईचा शब्द द्यायचा नाही.

"म्हणजे चूक झाली तरी गप बसायचं?"

"गप नाही. कंपनीला कळवायचं. पुढचं कंपनी बोलते."

"हं," एवढंच त्या म्हणाल्या आणि बायांना ती अट समजावून सांगायचं त्यांनी टाळलं. माझ्या ते लक्षात आलं होतं.

बायांना त्यांनी घडवलं ते शिव्या न देता, पण सवलतही न देता. "पेशंट बरा होतो, नाय होतो, ते देवाचं आणि डॉक्टरचं. झोपून झोपून त्याची पाठ लाल झाली तर ते तुझं," हे वाक्य ब्युरोतल्या प्रत्येकीला पाठ होतं. शहागंजात एखाद्या मुसलमान घरी गेल्या की त्या सहज दखनीवर यायच्या. "अम्माँ को जरा धूप में बिठाओ, बेटा. दवा बाद में बी चलती," असं म्हणत स्वतःच खुर्ची उचलून अंगणात ठेवायच्या. आणि कोणत्याही नव्या घरी बाई पाठवण्याआधी त्या आपण जाऊन ते घर बघून यायच्या. लोकांना वाटायचं, पेशंट बघायला आल्यात. पण त्या आपल्या बाईनं बसायचं कुठं, जेवायचं कुठं, संडास कोणता वापरायचा हे बघत असायच्या.

हे मला कळलं ते माझ्याच मावशीच्या घरी. समर्थनगरात मावशी एकटी राहायची. तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी सिस्टरांचं नाव सुचवलं. त्या आल्या, मावशीशी गोड बोलल्या, प्लॅस्टर बघितलं. मदतीला म्हणून पुण्याहून आलेल्या मावशीच्या सुनेनं आम्हाला कपातून चहा दिला. सिस्टरांनी विचारलं, "आमच्या बाईचा कप कोणता?" सुनेनं जरा चाचरत खिडकीत उपडा ठेवलेला स्टीलचा पेला दाखवला. सिस्टर उठल्या, तो पेला घेतला, आपला चहा त्यात ओतला आणि सावकाश प्यायल्या. मग पेला विसळून होता तिथं ठेवला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "ही बाई तुमच्या सासूबाईंना धुणार, पुसणार, घास भरवणार. तिच्या हाताचा घास चालतो आणि तोंडाचा कप चालत नाय, हे मला काय जमायचं नाय. तुम्ही दुसरा ब्युरो बघा. राग नाय माझा."

आम्ही जिन्यावरून खाली उतरलो. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही कशाला तोंड पाडता? मावशी चांगल्या हायत तुमच्या. करतील फोन." मावशीनं फोन केला, पण लगेच नाही. मधे दुसऱ्या एका ब्युरोची बाई येऊन गेली, तिच्या हातून मावशीच्या पाठीला जखम झाली, आणि मग फोन आला. सिस्टर पुन्हा घर बघायला गेल्या. त्या वेळी घरातले सगळे कप एकसारखे होते, असं त्यांनी मला सांगितलं. खोचकपणे नाही, हवापाणी सांगावं तसं.

विम्याचं पहिलं काम पडलं ते फुलंब्रीच्या कौसल्यामावशीमुळं. ही आया रोज जीपनं शहरात यायची. एका सकाळी तिची सुट्टी होती, पण दुसरी बाई आली नाही म्हणून सिस्टरांनी तिच्या घराशेजारच्या दुकानात फोन करून तिला बोलावून घेतलं. येताना जीप कलंडली. तिचा पाय मांडीत मोडला. आमच्या ऑफिसनं नेहमीचं उत्तर दिलं की, बाई कामावर नव्हती, रस्त्यात होती, क्लेम बसत नाही.

सिस्टर दर सोमवारी शाखेत येऊन बाकावर बसू लागल्या. भांडायच्या नाहीत. मॅनेजर दिसले की त्याच स्वरात तेच सांगायच्या. "साहेब, ती घरी बसली होती. मी उठवलं. मी उठवलं नसतं तर तिचा पाय धड असता. मी तिची मालकीण, मी बोलावलं, म्हणून ती जीपमध्ये बसली. मग ती कुणाच्या कामावर होती?" मॅनेजर कायद्याचं पुस्तक दाखवायचे, सिस्टर मान डोलवायच्या आणि पुढच्या सोमवारी पुन्हा यायच्या. शेवटी मॅनेजरांनी प्रकरण विभागीय कार्यालयाच्या वकिलाकडं पाठवलं, आणि त्या वकिलानंच लिहिलं की मालकानं खास बोलावल्यामुळं हा प्रवास कामाचाच भाग धरावा. क्लेम मंजूर झाला. कौसल्यामावशी पुढं लंगडत का होईना ब्युरोत परतली आणि नव्या मुलींना शिकवायला कॉटवर झोपण्याचं काम सिस्टरांऐवजी ती करू लागली. तिला ते फार आवडायचं.

मग वकीलसाहेबांचं प्रकरण झालं.

वकीलसाहेब म्हणजे उस्मानपुऱ्यातले एक जुने वकील. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, पोलिस ॲक्शननंतर मराठीतून वकिली केलेले, आणि आता थकलेले. मधुमेहानं पायांची जाणीव गेली होती. त्यांच्याकडं ब्युरोची महानंदा नावाची मुलगी जायची. नर्सिंगचा कोर्स नुकताच झालेली, मन लावून काम करणारी, जरा भित्री. थंडीचे दिवस होते. वकीलसाहेबांनी पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी मागितली. महानंदानं ती भरली, वर टॉवेल गुंडाळायचा राहिला, आणि ती दूध गरम करायला स्वयंपाकघरात गेली. वकीलसाहेब पेपर वाचत राहिले. त्यांना काही जाणवलंच नाही. तिनं येऊन पिशवी उचलली तेव्हा तळपायाची कातडी वर आली होती.

तिनं ब्युरोला फोन केला. सिस्टरांनी निघण्याआधी मला केला.

"देशपांडे, एक पेशंट भाजलाय आमच्याकडनं."

"आमच्याकडनं म्हणू नका," मी म्हणालो. "कुणाशी काही बोलू नका. मी पोचतोच."

मी स्कूटरवरून पोचलो तेव्हा सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसून जखम बघत होत्या. महानंदा भिंतीला टेकून उभी होती. वकीलसाहेब शांत होते. त्यांना दुखत नव्हतं, त्यामुळं एवढी धावपळ कशासाठी ते त्यांना नीटसं उमगलं नव्हतं.

सिस्टरांनी त्यांच्याकडं मान वर करून बघितलं. "साहेब, तुमचा पाय भाजलाय. पिशवीला टॉवेल लावायला पाहिजे होता, तो लावला नाय. चूक आमच्या बाईची. आणि बाई माझी, म्हणून चूक माझी."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, या कबुलीला आमच्या वेळी कोर्टात इकबाल म्हणायचे. एकदा दिला की परत घेता येत नाही. माहीत आहे ना?"

"माहीत हाय, साहेब."

संध्याकाळी त्यांचा मुलगा वाळूजच्या कारखान्यातून घरी आला. तोवर सिस्टर हलल्या नव्हत्या. डॉक्टर येऊन गेले होते. मुलगा फार तापला, आणि त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सिस्टरांनी त्याला सकाळचंच वाक्य सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. तो म्हणाला, "लिहून द्याल?" मी त्याच्या मागं उभा होतो. सिस्टरांना हातानं खुणावलं, नाही, नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर मुलाकडं वळवली. "द्या कागद," म्हणाल्या.

बाहेर फाटकापाशी मी त्यांना गाठलं. "सिस्टर, अट स्पष्ट आहे. आता कंपनी हात वर करणार."

"ती अट मला पाठ हाय. तुम्हीच तर वाचून दाखवली."

"मग असं का केलंत?"

त्यांनी व्हॅनच्या दारावर हात ठेवला. "देशपांडे, त्या माणसाला स्वतःचा पाय भाजला ते कळलं नाय. पाय त्याचा, पण खबर नाय. आता मी पण गप बसायचं, तर त्याला सांगायचं कुणी?"

कंपनीनं हात वर केले. मी जेवढं लिहायचं तेवढं लिहिलं, विभागीय कार्यालयात जाऊन आलो, उपयोग झाला नाही. मुलानं ग्राहक मंचात तक्रार केली आणि सिस्टरांनी लिहून दिलेला कागद पहिल्याच पानाला लावला. मंचासमोर सिस्टरांनी तो नाकारला नाही. त्यांचा वकील कपाळावर हात मारून बसला होता.

या सगळ्या काळात एक गोष्ट रोज घडत होती. सकाळी सिस्टर महानंदाला घेऊन उस्मानपुऱ्यात जायच्या आणि त्या पायाचं ड्रेसिंग करायच्या. मुलानं आधी दार उघडायला नकार दिला होता, पण वकीलसाहेबांनी सांगितलं की ड्रेसिंग याच दोघी करतील. तेव्हापासून मुलगा दार उघडायचा, एक शब्द न बोलता बाजूला व्हायचा. कोर्टात समोरासमोर आणि घरात असं. पहिल्या दिवशी महानंदानं मान फिरवली तेव्हा सिस्टरांनी चिमटा तिच्याच हातात दिला. "बघ. डोळे झाकू नको. ह्याच्याकडं बघितलं नाय तर पुढं कशाकडंच बघता येणार नाय."

महानंदाचे वडील तिला गावी घेऊन जायला आले होते. गिरणीवरच्या त्या खोलीत ते हात जोडून बसले, "पोरीला तुरुंगात नका घालू, सिस्टर, हिचं काम सोडवतो आम्ही," असं म्हणाले. सिस्टरांनी त्यांना चहा दिला. "तुरुंग नाय, काय नाय. चूक माझ्या नावावर लिहिलीय. पण दादा, आत्ता पोरीला नेलं तर तिच्या डोळ्यापुढं जन्मभर भाजलेला पाय राहील. जरा बरा होताना बघू द्या. मग न्या खुशाल." वडील एकटेच परत गेले.

पाय बरा व्हायला उन्हाळा उलटला. करंगळी गेली, बाकी पाय वाचला. डॉक्टरांनी सुरुवातीला घोट्यापर्यंत काढावा लागेल असं सांगितलं होतं. मंचात तडजोड झाली, सिस्टरांनी भरपाई दिली, आणि त्यासाठी व्हॅन विकावी लागली. व्हॅन घ्यायला माणूस आला त्या दिवशी मी तिथं होतो. मामांनी ती सकाळीच धुऊन ठेवली होती. किल्ली देताना ते त्या माणसाला म्हणाले, "दुसरा गिअर जरा हळू टाका." मग वर येऊन स्टुलावर बसले. सिस्टर काही हिशेब करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मालक, चुकलं का माझं?" फोन वाजला. त्यांनी तो उचलला नाही, वाजू दिला. हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग मामा म्हणाले, "चुकलं असतं तर मी व्हॅन धुतली नसती." आणि फोन उचलून "ब्युरो" म्हणाले.

मला वाटलं होतं, सिस्टर आता विम्याचं नाव काढणार नाहीत. पॉलिसीची मुदत संपायच्या आधी त्या हळदी रंगाची साडी नेसून शाखेत हजर. मॅनेजरांनी त्यांना आत बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "सिस्टर, तुमचं नूतनीकरण करायचं की नाही याचा मी विचार करतोय. अट तुम्ही जाणूनबुजून मोडलीत."

"व्हय, मोडली. आणि पुन्हा तसं झालं तर पुन्हा मोडणार. वाटल्यास लिहून घ्या."

"अहो, मग मी पॉलिसी देऊ कशी?"

"का बरं? मी अट मोडली की तुम्हाला भरपाई द्यावी लागत नाय. नुकसान माझं, फायदा तुमचा. तुम्हाला त्रास काय हाय त्यात?"

मॅनेजर आधी माझ्याकडं पाहत राहिले. मग ते खुर्चीत मागं रेलून हसले. मी त्यांना असं हसताना क्वचितच पाहिलं होतं. "आणि तुम्हाला पॉलिसी कशाला हवी, मग?"

"माझ्या बायांसाठी. सुई टोचली, पाय मोडला, तेव्हा कबुली द्यायचा प्रश्न येत नाय. आणि पेशंटचं म्हणाल, तर सगळ्याच वेळी चूक आमची असेल असं थोडंच हाय? खोटे आरोप करणारे बी लई असतात. तिथं तुमच्या कंपनीनं भांडावं. भांडायला मला येत नाय."

या शेवटच्या वाक्यावर मी खाली बघितलं. पॉलिसी चालू राहिली. पुढं एका घरात एका नर्सवर खोटा आळ आला तेव्हा कंपनीचा वकील उभा राहिला आणि ते प्रकरण टिकलं नाही. सिस्टरांनी पेढे आणले. मॅनेजरांना साखर होती, म्हणून त्यांना एकच दिला.

वकीलसाहेब त्यानंतर काही वर्षं जगले. शेवटच्या आजारात त्यांच्या मुलानंच ब्युरोला फोन केला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठी सिस्टरांपुढं ठेवली. मुलानं नाव घेऊन महानंदाला मागितलं होतं. ती गेली आणि शेवटपर्यंत राहिली. आज ती नाशिकला एका मोठ्या दवाखान्यात इनचार्ज आहे.

माझी बदली नांदेडला झाली, मग सोलापूरला. मधल्या काळात मामा गेले. शहरात मोठ्या कंपन्यांच्या एजन्स्या आल्या, मोबाईलवरून नर्स मागवायची सोय झाली. सिस्टरांनी ब्युरो बंद केला तेव्हा बायांना एका एजन्सीकडं सोपवताना एकच हट्ट धरला, आयांचाही विमा नावानिशी उतरवायचा. एजन्सीवाल्यानं तो मान्य केला. मला हे फोनवर सांगताना त्या म्हणाल्या, "पोरगा चांगला हाय. जरा इंग्रजीच बोलतो."

त्या गेल्याची बातमी मला सोलापुरात कळली, तीही उशिरा. पण त्याच्या वर्षभर आधी एकदा त्या मला भेटल्या होत्या.

शाखेच्या कामासाठी मी शहरात आलो होतो. मध्यवर्ती बसस्थानकावर सोलापूरच्या गाडीची वाट बघत होतो. जळगावच्या गाडीत खिडकीशी राणी रंगाची साडी दिसली. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. सिस्टर खूपच वाळल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी होती आणि तिच्यातून टॉवेल, साबणाची डबी आणि पावडरचा डबा डोकावत होता.

"कुठं निघालात, सिस्टर?"

"अजिंठ्याला. तिथं एक पोरगी हाय, बारावी झालेली. नर्सिंगला जायचं म्हणती. बाप सोडत नाय."

"तुमचे कोण लागतात?"

"कुणी नाय. पोरीनं कुठनं तरी माझा नंबर काढला." त्या जरा पुढं वाकल्या. "मागं गेले तेव्हा बापानं दारातनंच परत पाठवलं. लोकांचं हागणंमुतणं काढायला पोरगी शिकवली नाय म्हणाला."

"मग आता काय सांगणार त्याला?"

"त्याला काय सांगायचं नाय. त्याची आई हाय घरात, अंथरुणाला खिळलेली. पाठ फुटलीय म्हणे. आधी तिला धुते, पाठीच्या जखमा साफ करते, उठवून बसवते. दुपारी तो शेतातनं येईल. आई बसलेली बघेल. मग बोलू."

कंडक्टरनं घंटी दिली. सिस्टरांनी पिशवीत हात घालून टॉवेल आत नीट दाबला. गाडी मागं सरकली, वळली आणि हर्सूलच्या रस्त्याला लागली. त्या सरळ पुढं बघत बसल्या होत्या. दुपारच्या आत पोचायचं होतं.